उरक कसा मोजायचा?

नालासोपारा पूर्वेची एक चार मजली इमारत, संध्याकाळचे सव्वासहा. नळाला पाणी यायला दहाएक मिनिटं आहेत. घरात अकरा वर्षांची मुलगी, तिचा चार वर्षांचा भाऊ आणि पाहुणा म्हणून गेलेलो मी. आई-वडील दोघंही अजून गाडीत. मुलगी वही उघडी ठेवूनच उठली. पिंपाच्या तळाशी राहिलेलं कालचं पाणी तिने बादलीत काढलं, बादली मोरीत सरकवली, पाईप नळाला लावला. दूध गॅसवर चढवलं, आच बारीक केली आणि पुन्हा वहीपाशी येऊन बसली. नळ आधी नुसता फुसफुसला, मग गढूळ पाणी आलं. ते तिने मोरीत जाऊ दिलं आणि पाणी निवळल्यावर पाईप पिंपात सोडला. भाऊ पाईप ओढायला आला तेव्हा त्याच्या हातात वाटी-चमचा दिला. पिंप भरत आलं की पाण्याचा आवाज बदलतो. तो बदलला तशी ती उठली, पाईप हंड्यात घातला आणि जाता जाता दुधाखालचा गॅस बंद केला. पाणी गेलं तेव्हा पिंप, दोन हंडे आणि कळशी भरलेली होती, फरशी कोरडी होती. वहीतली पाच गणितं मात्र दोनच झाली होती आणि तिसरं मध्यावर सुटलं होतं.

त्याच आठवड्यात शाळेच्या डायरीत शेरा आला होता : लक्ष देत नाही, कामं अर्धवट सोडते, नियोजन नाही. आईने तो मला दाखवला आणि विचारलं, हिला कुठे तपासायला न्यावं का? बाईंनी खोटं काहीच लिहिलं नव्हतं. वर्गात त्यांना दिसलं ते खरं होतं, आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं तेही खरं होतं. एकाच मुलीबद्दलच्या या दोन खऱ्या गोष्टी एकमेकींना छेद देतात, आणि मुलांची ही क्षमता मोजू पाहणाऱ्या शास्त्राची गेल्या तीन-चार दशकांतली मुख्य अडचण नेमकी हीच आहे.

मानसशास्त्रात या क्षमतेला एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात. मराठीत ‘कार्यकारी क्षमता’ हा शब्द वापरात येतो आहे. आपल्या घरांत त्यासाठी जुना शब्द आहे, उरक. ‘तिला कामाचा उरक आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा हातांच्या वेगापेक्षा जास्त काही सांगत असतो. कुठून सुरुवात करायची, काय आधी, काय नंतर, मध्येच काही आलं तर काय सोडायचं आणि काय धरून ठेवायचं, हे सगळं त्या एका शब्दात येतं. २००० साली मियाके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढांवरच्या चाचण्यांचं विश्लेषण करून दाखवलं की ही क्षमता एकसंध दिसली तरी तिच्यात तीन वेगळे धागे आहेत. पुढे अडेल डायमंड यांनी मुलांच्या संदर्भात तेच तीन धागे मांडले. मी त्यांना माझ्या सोयीसाठी आवर, ध्यान आणि तारतम्य म्हणतो. आवर म्हणजे हात किंवा जीभ पुढे जात असताना स्वतःला थांबवणं. ध्यान म्हणजे हातातलं काम चालू असताना पुढच्या दोन गोष्टी डोक्यात धरून ठेवणं. तारतम्य म्हणजे नियम बदलला, परिस्थिती बदलली, तर जुनं सोडून नव्याकडे वळणं.

आवर तपासायला आपल्या मुलांना कोणी प्रयोगशाळेत नेलं नव्हतं. ‘कावळा उड, चिमणी उड’ म्हणता म्हणता कोणीतरी ‘म्हैस उड’ म्हणतं आणि ज्याचं बोट वर जातं तो बाद होतो. ‘शिवाजी म्हणतो’ हा खेळही तसाच. अमेरिकेत मेगन मॅक्लेलंड आणि सहकाऱ्यांनी बालवाडीच्या मुलांसाठी बनवलेली डोकं-अंगठे-गुडघे-खांदे ही चाचणी याच जातीची आहे. डोक्याला हात लाव म्हटलं की पायाच्या अंगठ्याला लावायचा. फरक इतकाच की तिथे गुण लिहून ठेवतात आणि कुठल्या वयाचं मूल साधारण किती गुण मिळवतं याचा तक्ता असतो. तो तक्ता ही लहान गोष्ट नाही, त्याकडे पुढे येऊच.

ही क्षमता हळू पिकते. तीन ते पाच या वयात ती झपाट्याने वाढते, वयात येताना पुन्हा मोठे बदल होतात, आणि मेंदूच्या पुढच्या भागाची घडण पंचविशीपर्यंत चालू राहते. म्हणून दहा वर्षांच्या मुलाने आपलं दप्तर, डबा, वेळ, अभ्यास सगळं न सांगता सांभाळावं ही अपेक्षाच अवाजवी आहे. पण या क्षमतेकडे दुर्लक्षही परवडत नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारभर मुलांचा आजवर पाठपुरावा झाला आहे. २०११ साली मॉफिट आणि सहकाऱ्यांनी त्यातून दाखवलं की बालपणीच्या आत्मनियंत्रणाचा संबंध बत्तिसाव्या वर्षीच्या आरोग्याशी आणि आर्थिक स्थितीशी लागतो, बुद्ध्यांक आणि घरची परिस्थिती लक्षात घेऊनही. त्यामुळे प्रश्न मोजावं की न मोजावं असा नाही. कुठे, कशाने आणि कोणाच्या मापाने मोजावं, असा आहे.

टेबलावरच्या चाचण्या सर्वांत जुन्या. १९३५ साली स्ट्रूपने दाखवलं की निळ्या शाईत छापलेला ‘लाल’ हा शब्द समोर आला की शाईचा रंग सांगताना माणूस अडखळतो. १९४८ साली पत्ते लावण्याची विस्कॉन्सिन चाचणी आली. तिच्यात परीक्षक न सांगता नियम बदलतो आणि ते परीक्षार्थीच्या ध्यानात यायला किती वेळ लागतो ते पाहतात. १९८२ साली टिम शॅलिस यांनी मणी हलवून मनोरा जुळवण्याची लंडन मनोरा चाचणी दिली. आपल्याकडे बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी चाचण्यांचा संच तयार केला आणि २००४ साली भारतीय मुलांच्या मापांसह प्रसिद्ध केला. ते मोलाचं काम आहे, कारण परदेशी तक्त्यांवर आपली मुलं तोलणं म्हणजे दुसऱ्याच्या चपलेत पाय घालून लंगडतोय म्हणणं.

या चाचण्या निरुपयोगी नाहीत. पण त्यांच्या रचनेतच एक अडचण आहे. खोली शांत असते. समोर एक माणूस बसलेला असतो. तोच सांगतो कधी सुरू करायचं, कधी थांबायचं, आता दुसरं काम घ्यायचं. काम एकच असतं आणि दहा मिनिटांत संपतं. म्हणजे ज्या क्षमतेची परीक्षा घ्यायची तिचा मोठा भाग परीक्षकच मुलाला उसना देतो. सुरुवात करण्याचा, वेळ राखण्याचा, व्यवधान दूर ठेवण्याचा भार मुलावर येतच नाही.

हे लख्खपणे पुढे आलं १९९१ साली. लंडनमध्ये शॅलिस आणि पॉल बर्जेस यांनी डोक्याला मार लागून मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेले तीन रुग्ण अभ्यासले. तिघांचीही बुद्धी उत्तम होती आणि टेबलावरच्या बहुतेक चाचण्या त्यांनी नीट दिल्या होत्या. तरी घरी त्यांची दैनंदिन कामं कोलमडली होती. संशोधकांनी त्यांना दुकानांच्या भागात नेलं आणि हातात कामांची यादी दिली. काही वस्तू घ्यायच्या, काही माहिती मिळवायची, ठरल्या वेळी ठरल्या ठिकाणी पोचायचं आणि काही साधे नियम पाळायचे. तिथे तिघंही गडबडले. बाजारहाट चाचणीचा जन्म असा झाला, आणि रोजच्या कामांतून ही क्षमता पाहण्याचा रस्ता खुला झाला.

दुसरा रस्ता प्रश्नावलीचा. २००० साली जिओया आणि सहकाऱ्यांची ब्रीफ ही प्रश्नावली आली. पाच ते अठरा वर्षांच्या मुलांच्या पालकांनी किंवा शिक्षकांनी ८६ विधानांवर कधीच नाही, कधी कधी, वारंवार अशी खूण करायची. सोपी, स्वस्त, आणि मूल घरात व शाळेत कसं वागतं ते सांगणारी. मग २०१३ साली टोप्लाक, वेस्ट आणि स्टॅनोविच यांनी वीस अभ्यास एकत्र पाहिले आणि टेबलावरच्या चाचण्यांचे गुण प्रश्नावलीच्या गुणांशी कितपत जुळतात ते तपासलं. मध्यक सहसंबंध निघाला ०.१९. पूर्ण जुळणी १ धरली तर ०.१९ म्हणजे जवळपास न जुळणं. एकच नाव लावलेली दोन मापं दोन वेगळ्या गोष्टी मोजत होती. चाचणी सांगते मुलाला सगळं अनुकूल असताना काय जमू शकतं. प्रश्नावली सांगते रोजच्या धबडग्यात ते काय करतं. आणि प्रश्नावलीत मुलाइतकाच ती भरणारा माणूसही उतरतो.

हा शेवटचा मुद्दा नालासोपारा ज्यात येतं त्या वसई-विरारमध्ये फार खरा आहे. पहाटेची विरार लोकल पकडून जाणारी आणि रात्री नऊला घरात पाऊल ठेवणारी आई मुलाचा दिवस पाहतच नाही. तो दिवस आजीने, शेजारणीने किंवा शिकवणीच्या ताईने पाहिलेला असतो. वर्गशिक्षिकेपुढे पन्नास-साठ मुलं असतात. त्यातलं गप्प बसून काहीच न करणारं मूल तिच्या नजरेतून सुटतं, उड्या मारणारं मात्र दिसतं. अशा प्रश्नावल्यांतला एक भाग असतो मूल आपली खोली, टेबल, सामान नीट ठेवतं का याचा. पाच माणसांच्या एका खोलीच्या घरात या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? तिथे पसारा मुलाचा नसतो, जागेचा असतो.

म्हणून तिसरा रस्ता मला सर्वांत आशादायक वाटतो : मुलाला खरं काम द्यायचं आणि ते करताना पाहायचं. मुलांसाठीची बीएडीएस ही २००३ सालची चाचणी अर्ध्या वाटेवरची आहे. शेतात हरवलेली किल्ली कशी शोधशील ते कागदावर रेघ मारून दाखव, प्राणिसंग्रहालयाच्या नकाशावर नियम पाळून वाट काढ, असे तिचे भाग. इस्रायलमध्ये जोस्मन आणि सहकाऱ्यांनी पाच ते आठ वर्षांच्या मुलांना सँडविच करायला, चॉकलेटचं दूध ढवळायला आणि स्वतःसाठी शाबासकीचं प्रमाणपत्र भरायला दिलं. किशोरांसाठी जोन टोग्लिया यांची आठवड्याच्या वेळापत्रकाची चाचणी आहे. भेटी आणि कामांची यादी कोऱ्या वेळापत्रकात बसवायची, एकदा लिहिलेलं खोडायचं नाही, ठरलेली वेळ झाली की परीक्षकाला सांगायचं, आणि तो मध्येच काही विचारेल तिकडे लक्ष द्यायचं नाही. तिच्यात मुलाने कोणत्या युक्त्या वापरल्या तेही मोजतात. बोटाने यादीवर खूण ठेवली का, आधी ठरलेल्या वेळेच्या गोष्टी लिहून घेतल्या का. पोराने मोबाइलवर गजर लावला तर ते फसवणूक धरू नये, हे मला त्यातून पटलं. आपल्याला विसर पडतो हे ओळखून त्याची सोय करणं हाही उरकच आहे.

स्वयंपाकघरातल्या दोन चाचण्यांवर जरा थांबायला हवं. फ्रान्समध्ये मातिल्द शेविन्यार आणि सहकाऱ्यांनी मेंदूला इजा झालेल्या मुलांना चॉकलेट केक आणि फळांचं मिश्रण करायला दिलं. समोर कृती, साहित्य आणि मुद्दाम ठेवलेल्या नको असलेल्या काही वस्तू. चुका त्यांनी प्रकारवार नोंदल्या. पायरी गाळली, विनाकारण जास्तीचं काही केलं, क्रम बिघडला, अंदाज चुकला. इजा झालेल्या मुलांच्या चुका इतर मुलांपेक्षा पुष्कळ जास्त होत्या, आणि काही वेळा मोठ्यांना मध्ये पडावं लागलं. अमेरिकेत २००८ साली आलेल्या मुलांच्या किचन टास्क चाचणीत मुलं खेळायची कणीक मळतात. तिथे गुण देण्याची रीत वेगळी आहे. मूल अडलं की परीक्षक लगेच सांगत नाही. आधी थांबतो, मग मोघम विचारतो, मग खुणेने दाखवतो, मग थेट सांगतो, मग हात लावून मदत करतो, आणि अगदी शेवटी ती पायरी स्वतः करतो. कोणत्या पायरीवर कितव्या प्रकारची मदत लागली, तेच माप.

या सगळ्या साहित्यातून एकच कल्पना उचलायची झाली तर मी ही मदतीची शिडी उचलेन. ‘जमतं’ आणि ‘जमत नाही’ यांच्या मधली सगळी जागा ती दाखवते. ‘आता काय राहिलं?’ एवढं विचारल्यावर पुढे जाणारं मूल आणि ‘कांदा घे, तो तिथे टाक’ असं सांगितल्याशिवाय न हलणारं मूल, दोघांच्याही प्रगतिपुस्तकात ‘कामं पूर्ण करत नाही’ असंच लिहिलेलं असतं. दोघांना लागणारी मदत मात्र वेगळी आहे. शिवाय सहा महिन्यांनी पुन्हा पाहिलं तर मूल शिडीवरून किती वर आलं ते आईलाही सांगता येतं.

आता केकचं काय करायचं? आपल्याकडच्या बहुतेक घरांत भट्टी नाही, आणि परीक्षेसाठी मुलाला पेटत्या गॅसपाशी उभं करू नये. मी भेळ सुचवेन. ताटात कुरमुरे, फरसाण, बारीक शेव, चिरलेला कांदा, उकडलेला बटाटा, चिंचेची आणि हिरवी चटणी. शेजारी साबुदाणा आणि रवा, ज्यांचा इथे उपयोग नाही. सांगायचं एकदाच : दोघांसाठी दोन वाट्या कर, एका वाटीत कांदा नको, कोथिंबीर वरून घाल, आणि घड्याळात बरोबर सहा वीस झाले की मला हाक मार. कोथिंबीर मुद्दाम ठेवायची नाही. आता बघा. चटणी आधी ओतली तर कुरमुरे मऊ पडतात, म्हणून क्रम लागतो. कांद्याची सूचना ध्यानात धरावी लागते. करता करता फरसाण तोंडात टाकायचा मोह आवरावा लागतो. कोथिंबीर नाही हे कळल्यावर थांबून बसायचं, विचारायचं की तिच्यावाचून पुढे जायचं, हे तारतम्य. आणि सहा वीसची हाक, जी बहुतेक मुलं विसरतात, ती पुढचं लक्षात ठेवण्याची परीक्षा. तासभर टेबलावर बसवून जे कळतं त्यातलं पुष्कळसं इथे पंधरा मिनिटांत डोळ्यांना दिसतं.

मोठ्या मुलांसाठी वसईच्या होळी बाजारातून चार वस्तू आणणं हेच पुरेसं आहे. शंभराची नोट, चार जिन्नस, त्यातला एक मिळणार नाही असा, सुटे मोजून परत आणायचे, आणि जड वस्तू शेवटी घ्यायची. आगाशी, भुईगाव, निर्मळकडच्या वाड्यांत वाढलेल्या मुलाला फुलं खुडण्याचं आणि गजऱ्यासाठी कळ्या वेचण्याचं काम देता येईल. अर्नाळ्याच्या कोळीवाड्यात टोपलीतली मासळी जातीप्रमाणे निवडणं हे काम तर विस्कॉन्सिनच्या पत्त्यांहून अवघड आहे. इथे एक काळजी मात्र घ्यावी लागते. मुलाला घरकाम येतं म्हणून ते त्याच्यावर टाकावं, असा या लेखाचा अर्थ कोणी काढू नये. पाणी भरणाऱ्या त्या मुलीचा उरक मला दिसला, आणि तिच्या खांद्यावरचं ओझंही दिसलं.

ओळखीच्या कामांतही एक खड्डा आहे. अनेक घरांत बारा वर्षांच्या मुलीने शेकडो वेळा कांदा चिरलेला असतो आणि तिच्या चौदा वर्षांच्या भावाने एकदाही नाही. तो भेळ करताना अडला तर त्याची कार्यकारी क्षमता कमी, की त्याला कोणी स्वयंपाकघरात येऊच दिलं नाही? मुलगी सहज करते तेव्हा ती खरोखर नियोजन करते आहे, की सवयीने हात चालतात? सवय झालेल्या कामात ही क्षमता फारशी लागतच नाही. काम ओळखीचं हवं, पण त्यात एक गाठ नवी हवी. म्हणून ती न सापडणारी कोथिंबीर. आणि म्हणूनच एकदा घेतलेली चाचणी महिन्याभराने जशीच्या तशी घेता येत नाही.

काम कोणाच्या घरातलं आहे यावर उत्तर किती बदलतं, याचा पुरावा आता भरपूर आहे. रॉबर्ट सर्पेल यांनी १९७९ साली दाखवलं की झांबियातली मुलं तारेच्या आकृत्या बनवण्यात इंग्रज मुलांच्या पुढे होती आणि इंग्रज मुलं कागदावर चित्र काढण्यात त्यांच्या पुढे. २०१८ सालच्या एका अभ्यासात कॅमेरूनमधल्या न्सो समाजाच्या चार वर्षांच्या मुलांपुढे खाऊ ठेवून थांबायला सांगितलं तेव्हा सुमारे ७० टक्के मुलं थांबली. जर्मन मुलांत हे प्रमाण २८ टक्के होतं. २०२२ सालचा जपान-अमेरिकेचा अभ्यास आणखी बोलका आहे. जपानी मुलं खाण्यासाठी जास्त वेळ थांबली, अमेरिकी मुलं भेटवस्तू उघडायला जास्त वेळ थांबली. ज्या गोष्टीसाठी थांबायची घरी सवय, तिथे आवर पक्का. नैवेद्य दाखवल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही हे शिकलेलं मूल आणि प्रार्थना होईपर्यंत चमचा न उचलणारं वसईच्या ख्रिस्ती घरातलं मूल, दोघांच्या आवराची परीक्षा मिठाईपुढे घेतली तर काय दिसेल, हे कोणीतरी पाहायला हवं.

आपल्या देशातला पुरावा २०२५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत विक्री करणारी मुलं पाहिली. किलो-पावाचे किचकट हिशोब ती डोक्यात चुटकीसरशी करत होती आणि तीच बेरीज-वजाबाकी पुस्तकी रूपात दिली की अडत होती. शाळेतली मुलं उलटी : कागदावर बरी, बाजारात अडखळणारी. एका ठिकाणचं कौशल्य दुसऱ्या ठिकाणी आपोआप जात नाही. याच कारणाने ‘मेंदूचे खेळ’ विकणाऱ्या ॲपांवर आणि वर्गांवर पालकांनी पैसे घालण्याआधी थांबावं. सराव केलेल्या खेळात मूल सुधारतं, त्यापलीकडे त्या सुधारणेचा लाभ फारसा पोचत नाही, असंच आजवरचे आढावे सांगतात.

किशोरवयाबद्दल एक वेगळी गोष्ट. शांत स्वयंपाकघरात पंधरा वर्षांचा मुलगा उत्तम वागू शकतो. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांच्या २००५ सालच्या प्रयोगात संगणकावर गाडी चालवताना मित्र सोबत असताना किशोरांनी पुष्कळ जास्त धोका पत्करला, प्रौढांवर तसा परिणाम झाला नाही. विरार गाडीच्या दारात लटकणाऱ्या मुलाला धोका कळत नाही असं नाही. एकटा असताना त्याला तो कळतो. त्याचा आवर पाहायचा तर मित्रांत पाहायला हवा, आणि ते काम कुठल्याही चाचणीपेक्षा त्याचा खेळाचा प्रशिक्षक किंवा मंडळातला दादा जास्त चांगलं करू शकतो.

वसई-विरार ज्यात येतं त्या पालघर जिल्ह्याला मुलाला काम करताना पाहण्याची स्वतःची परंपरा आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरी पद्धतीची महागडी साधनं बाजूला ठेवून त्यांनी खडे, बिया, पानं, शिंपले घेतले. वारली मुलं गुरं राखायला जात म्हणून शाळाच कुरणात नेली, तिला कुरणशाळा म्हणत. हात धुणं, केस विंचरणं, पाणी ओतून घेणं हीच तिथली पहिली पाठ्यपुस्तकं होती. मूल कोणत्या कामात रमतं, कुठे सोडून देतं, हे ते करत असतानाच बघायचं, ही दृष्टी त्या शाळांत होती. आज एका कप्प्यात चाचणी, दुसऱ्या कप्प्यात शिक्षण आणि तिसऱ्यात घर अशी वाटणी झाली आहे, तेव्हा ही दृष्टी परत आणण्यासारखी आहे.

सरकारी यंत्रणाही इथे पोचलेली आहे. मुलांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहूनच सुरू झाला. जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि विकासातला विलंब शोधण्यासाठी पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत जातात. पण कार्यकारी क्षमतेची अडचण तिसऱ्या वर्षी दिसत नाही. ती पाचवी-सहावीत दिसते, जेव्हा विषय वाढतात, बाई तासागणिक बदलतात आणि वह्या सांभाळायच्या मुलावर सोडल्या जातात. तोवर तिला आळस हे नाव मिळालेलं असतं. शिकण्यातल्या अडचणींपैकी अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आली, महाराष्ट्रात परीक्षेतल्या सवलती त्याच्याही वीस वर्षं आधीपासून आहेत. पण तपासणीसाठी विरारच्या पालकाला अनेकदा मुंबई गाठावी लागते. शीवच्या महापालिका रुग्णालयात जायचं तर पश्चिम रेल्वेने दादर, तिथून गाडी बदलून मध्य रेल्वेने शीव. रोजंदारी बुडवून तीन-चार फेऱ्या.

भाषेचा अडसर वेगळाच. २०११ च्या जनगणनेत बारा लाखांवर असलेल्या वसई-विरार शहराच्या एका वर्गात घरी कादोडी, वाडवळी, कोळी, गुजराती, भोजपुरी, मराठी बोलणारी मुलं शेजारी शेजारी बसतात, आणि चाचणीच्या सूचना इंग्रजी किंवा हिंदीत असतात. सूचना कळली नाही हे आणि सूचना ध्यानात राहिली नाही हे, दोन्हींचे गुण सारखेच कमी येतात. घरकामाच्या चाचणीतही हा धोका आहे, पण तिथे निदान सूचना आजीच्या बोलीत देता येते.

माझा कौल असा. आधी घरातलं काम पाहावं, मग दोन वेगळ्या माणसांकडून प्रश्नावली भरून घ्यावी, आणि टेबलावरच्या चाचण्या शेवटी. आज बहुतेक ठिकाणी क्रम उलटा आहे. मात्र घरात पाहिलेल्या कामावरून कोणीही, शिक्षकानेही, मुलाला नाव चिकटवू नये. वयाप्रमाणे तक्ते नसतील तर भेळ नीट न करणं हे कशाचंच लक्षण ठरत नाही. दोन परीक्षकांनी एकच मूल पाहून सारखे गुण द्यायला हवेत, मुलगे-मुलींची, वाडीतल्या आणि चाळीतल्या मुलांची मापं वेगळी तपासायला हवीत. हे काम वसई-विरारच्या महाविद्यालयांतले मानसशास्त्राचे विद्यार्थी करू शकतात. त्यांना त्यासाठी फक्त कुरमुरे, वेळ आणि चिकाटी लागेल.

आणि पालकांना एक विनंती. तपासायला न्यायच्या आधी दोन आठवडे लिहून काढा. दुधाचा हिशोब लिहितो तसं, कालनिर्णयच्या त्या त्या तारखेच्या चौकटीत चालेल. रोजची दोन कामं निवडा, एक घरातलं, एक अभ्यासाचं. तीनच गोष्टी लिहा : कोणतं काम, किती वेळा सांगावं लागलं, कुठे अडलं. तिसरी गोष्ट विसरू नका. तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा.

त्या मुलीच्या आईने तसं लिहिलं. चौदा दिवसांत पाण्यासाठी एकदाही सांगावं लागलं नव्हतं. गृहपाठासाठी रोज तीन-चारदा. ‘कुठे अडलं’ या रकान्यात मात्र बहुतेक दिवशी एकच शब्द होता, शाब्दिक. आकड्यांची गणितं ती पाण्याच्या मधल्या वेळातही पुरी करत होती. मी पाहिलेलं ते अर्धवट सुटलेलं तिसरं गणितही शाब्दिकच होतं. तिला वाक्य मोठ्याने वाचता येत होतं, अर्थ लागत नव्हता. आता तिचं वाचन तपासायला दिलं आहे.